गाठ लहान, निर्णय मोठा

आयाबहिणींनो, स्तनातली गाठ लहान असतानाच सापडली तर बरे होण्याची आशा मोठी असते. हे मुंबईच्या वस्त्यांतही दिसले. तिथे टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. ज्यांची प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत, त्यांच्यात रोग लवकर सापडला.

पण लवकर सापडला की डॉक्टर दोन मार्ग सांगतात आणि म्हणतात, "तुम्ही ठरवा." इथे घर गोंधळते.

पहिला प्रश्न : पूर्ण स्तन काढायचा की फक्त गाठ? "सगळंच काढा, कटकट नको," असे वाटते. पण इटली आणि अमेरिकेतल्या अभ्यासांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ साली आले. फक्त गाठ काढून शेक म्हणजे किरणोपचार घेतलेल्या बायका, पूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगल्या. त्याच स्तनात गाठ पुन्हा येण्याची शक्यता मात्र थोडी राहते. म्हणून पुढच्या तपासण्या चुकवू नका.

शेकासाठी साधारण तीन ते पाच आठवडे, आठवड्यातले पाच दिवस जावे लागते. लोणार-मेहकरच्या मजूर बाईने छत्रपती संभाजीनगरला किंवा नागपूरला इतके दिवस राहायचे, तर मजुरी बुडते. म्हणून कोणी पूर्ण स्तन काढायचे ठरवले तर ते चूक नाही. पण काखेतल्या गाठींत रोग असेल तर त्यानंतरही शेक लागू शकतो. हे आधीच विचारा.

दुसरा प्रश्न केमोचा. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू लिहिलेले असते. त्यावरून गोळ्या पुरतील की केमो लागेल, हे ठरते. डॉक्टरांना विचारा, "केमो घेतल्याने शंभरात किती जणींचा फायदा होतो?" डॉक्टर खात्री देत नाहीत, म्हणजे त्यांना कळत नाही असे नव्हे. काही बाबतीत उत्तरच शक्यतेचे असते.

लक्षात ठेवा :
• सुईने बायोप्सी केल्याशिवाय गाठ कापू देऊ नका.
• सगळे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा तुमचा हक्क आहे.
• महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड, आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.
• विचार करायला आठ-पंधरा दिवस घेतले तर बिघडत नाही. झाडपाल्यात महिने घालवले तर बिघडते.

घरच्यांचा सल्ला जरूर घ्या. पण शरीर तिचे आहे. शेवटचा शब्द तिचाच असू द्या.