सुखी कोण, हे ठरवायचे कोणी?

गोष्ट १९६०च्या दशकातली. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोच्या कॉलेजात एड डीनर हा शेतकऱ्याचा मुलगा मानसशास्त्र शिकत होता. शेतावर राबणारे मजूर त्याच्या परिचयाचे. ते सुखी आहेत का, याचाच अभ्यास करावा असे त्याच्या मनाने घेतले. पण प्राध्यापकांनी साफ नकार दिला! मजूर सुखी नसतात हे ठाऊकच आहे, शिवाय सुख मोजता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. मोजता येत नाही, तर ठाऊक तरी कसे झाले? पण विद्यार्थ्याने गुरूशी वाद कसा घालावा? त्याने निमूटपणे दुसरा विषय घेतला.

प्रश्न मात्र त्याची पाठ सोडीना. पुढे इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या डीनर यांनी १९८५ साली, सहकाऱ्यांसह, अवघ्या पाच विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधान आपल्याला कितपत पटते, ते १ ते ७ या आकड्यांत सांगायचे. बेरीज ५ ते ३५च्या दरम्यान येते. युक्ती साधीच. ज्याचे आयुष्य, निवाडाही त्याचाच!

त्यांचे चिरंजीव रॉबर्ट बिस्वास-डीनर हेही याच वाटेने गेले, आणि थेट कलकत्त्याला पोचले. झोपडपट्टीतले रहिवासी, वेश्यावस्तीतल्या स्त्रिया आणि फुटपाथवर राहणारे बेघर, अशा ८३ जणांच्या मुलाखती झाल्या. पितापुत्रांनी निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध केले. एकंदर आयुष्याविषयीचे मत किंचित असमाधानाकडे झुकलेले होते. पण आयुष्याच्या एकेका बाजूविषयी विचारले, तर सरासरी उत्तर समाधानाचेच येई. आपल्या माणसांचा आधार, हे त्याचे एक कारण असावे, असे त्यांना वाटले.

२००६ साली त्यांनी कलकत्ता, कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनमधील तंबूंची एक वसाहत, येथील १८६ बेघरांचा अभ्यास मांडला. अमेरिकेतले दोन्ही गट किंचित असमाधानी निघाले, तर कलकत्त्याचे फुटपाथवासी समाधानाच्या बाजूला! सर्वांत मोठी तफावत दिसली ती माणसामाणसांतल्या नात्यांच्या बाबतीत.

मात्र यावरून ‘गरीब बिचारे सुखातच असतात’ असे म्हणून कुणी निवांत झोपू नये. २००१च्या पाहणीतले लोक सुस्थितीतल्या लोकांपेक्षा कमीच समाधानी होते. नात्यांनी दुःख हलके होते. गळके छप्पर मात्र दुरुस्तच करावे लागते.

एड डीनर २०२१ साली निवर्तले. त्यांच्या प्राध्यापकांना हसणे सोपे आहे. पण आपण तरी काय करतो? घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंविषयी कुणी म्हणते, ‘त्यांना कसली चिंता!’ कुणी म्हणते, ‘बिचाऱ्या!’ दोघांनीही त्यांना विचारलेले नसते. दिवाळीला आपण त्यांच्या हातावर फराळाचा पुडा ठेवतोच. यंदा घटकाभर बसवून, ‘बाई, कसं चाललंय?’ एवढे विचारून तर पाहा. मात्र उत्तर पुरते ऐकून घ्या!