डिजिटल रेडिओ ऐकताना बँडविड्थ किती ठेवावी? महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात हा आकडा का महत्त्वाचा?

२२ जुलै २०२१. महाड शहर सावित्रीच्या पाण्याखाली होते. त्याच संध्याकाळी तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली आणि ८०हून अधिक जणांचा जीव गेला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी आल्या. रस्ते बंद, वीज गायब आणि मोबाइल नेटवर्क कोलमडलेले. त्यामुळे मदत पोहोचणे आणखी अवघड झाले.

अशा वेळी टॉवरवर अवलंबून नसलेला, थेट सेट ते सेट चालणारा रेडिओ उपयोगी पडतो. हॅम म्हणजेच हौशी रेडिओचालकांकडे आता डिजिटल सेट आले आहेत. पण स्कॅनर किंवा संगणकाला जोडायचा यूएसबी रिसीव्हर घेतलेल्या नवख्यांची एक तक्रार कायम असते: स्क्रीनवर सिग्नल भरपूर दिसतो, पण आवाज काही उमटत नाही. दोष अँटेनाला दिला जातो. अनेकदा चूक असते ती बँडविड्थच्या सेटिंगमध्ये.

बँडविड्थ म्हणजे नेमके काय?

प्रत्येक सिग्नल ठरावीक रुंदीची जागा व्यापतो. रिसीव्हरचा फिल्टर ही त्या जागेवरची खिडकी. खिडकी फार लहान ठेवली तर सिग्नलच्या कडा कापल्या जातात. गरजेपेक्षा मोठी उघडली तर वाऱ्याबरोबर पाऊसही आत येतो, म्हणजे गोंगाट आणि शेजारचे चॅनेल. फिल्टरची रुंदी दुप्पट केली की आत येणारा गोंगाटही दुप्पट, म्हणजे ३ डेसिबलने वाढतो.

डिजिटलसाठी वेगळा विचार का?

साध्या एफएम संभाषणात कडा थोड्या कापल्या गेल्या तरी कान शब्द ओळखतो. डिजिटलमध्ये ही सवलत नाही. डीएमआर या पद्धतीत सेकंदाला ४,८०० चिन्हे जातात आणि प्रत्येक चिन्ह चार पातळ्यांपैकी एक असते. या पातळ्या मध्यापासून ६४८ किंवा १,९४४ हर्ट्झ वर-खाली असतात. फिल्टर अरुंद झाला की पातळ्या एकमेकींत मिसळतात. थोड्या चुका डीकोडर दुरुस्त करतो, पण मर्यादा ओलांडली की आवाज तुटतो किंवा थेट शांतता. म्हणून ‘गोंगाट कमी झाला’ एवढ्यावरून सेटिंग बरोबर आहे असे समजू नये.

कोणत्या पद्धतीला किती?

सुरुवात करण्यासाठी हे आकडे पुरेसे आहेत:

- डीएमआर: सिग्नलची रुंदी सुमारे ७.६ किलोहर्ट्झ. फिल्टर १० ते १२.५.
- सिस्टीम फ्यूजन: रुंदी ९ किलोहर्ट्झच्या थोडी वर. फिल्टर १२.५.
- डी-स्टार: रुंदी सुमारे ६ किलोहर्ट्झ. फिल्टर ८ ते १०.
- एनएक्सडीएन (अरुंद): रुंदी सुमारे ४ किलोहर्ट्झ. फिल्टर ६ च्या आसपास.

रुंद फिल्टरपासून सुरुवात करावी. डीकोडर दाखवत असलेल्या चुकांच्या संख्येकडे लक्ष ठेवून रुंदी एकेक पायरी कमी करावी. चुका सर्वांत कमी होतील तिथे थांबावे.

आकडा बरोबर, तरी आवाज नाही?

मग वारंवारता तपासा. स्वस्त रिसीव्हरचा क्रिस्टल २० पीपीएमने, म्हणजे दहा लाखांत २० भागांनी चुकू शकतो. १४५ मेगाहर्ट्झवर ही चूक २.९ किलोहर्ट्झ होते. १२.५ किलोहर्ट्झच्या फिल्टरमध्ये डीएमआर सिग्नलच्या दोन्ही बाजूंना जेमतेम २.४५ किलोहर्ट्झ मोकळे राहतात. म्हणजे एक कड कापली गेलीच. ४३५ मेगाहर्ट्झवर हीच चूक ८.७ किलोहर्ट्झ होते आणि सिग्नलचा मोठा भाग खिडकीबाहेर जातो. उपाय म्हणजे सॉफ्टवेअरमधील पीपीएम दुरुस्ती. खिडकी रुंद करत बसणे नव्हे.

आणखी एक गफलत होते. यूएसबी रिसीव्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सॅम्पल रेट’ २.४ मेगाहर्ट्झ दिसतो. ती स्क्रीनवर दिसणाऱ्या एकूण पट्ट्याची रुंदी. एका चॅनेलचा फिल्टर वेगळा असतो. डीकोडरला आवाज देताना स्क्वेल्च उघडा ठेवावा. गोंगाट कमी करणारी आणि आवाज गोड करणारी सेटिंग बंद ठेवावीत, कारण ती चिन्हांचाच आकार बिघडवतात.

डोंगराळ भागात काय होते?

या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या पोलादपूरच्या वाड्यांवर एखादा डोंगर आड आला की सिग्नल झपाट्याने क्षीण होतो. कड्यांवर आपटून आलेले प्रतिध्वनी मूळ सिग्नलमध्ये मिसळतात. अशा वेळी फिल्टर रुंद करून काही साधत नाही, गोंगाट तेवढा वाढतो. अँटेना उंच करणे किंवा जागा बदलणे हा खरा उपाय. बँडविड्थ आलेला सिग्नल वाचवते, न आलेला सिग्नल आणत नाही.

कायदा काय सांगतो?

भारतात वायरलेस उपकरण बाळगण्यासाठी १९३३च्या कायद्याने परवाना सक्तीचा केला होता. २०२३च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरणासाठी परवानगीची अट आहे. त्यामुळे ऑनलाइन मिळतो म्हणून स्कॅनर घेऊ नये. पोलिस किंवा बचाव पथकांचे संदेश ऐकण्याच्या भानगडीतही पडू नये. सरळ मार्ग हॅम परवान्याचा आहे. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा १२ वर्षांवरील कोणालाही देता येते. त्यानंतर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रीतसर ऐकता आणि बोलताही येते.

तयारी कधी करावी?

पावसाळ्याआधी. सेट सुरू करून, आपल्या वाडीतून कोणता सिग्नल कोणत्या बँडविड्थला नीट उलगडतो, ते वहीत टिपून ठेवावे आणि मेमरी चॅनेलमध्ये साठवावे. नदी चढू लागल्यावर, अंधारात, मेनूमध्ये आकडे शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच.