डाळजचे मदत केंद्र आणि महामार्गाचा जमाखर्च

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वी 9 होता आणि आता 65 आहे, भिगवण मागे टाकून उजनीच्या पाणफुगवट्याच्या बाजूने इंदापूरकडे वळला, की वाटेत डाळज लागते. महामार्ग पोलिसांचे मदत केंद्र येथे आहे. गुन्ह्याची नोंद, पंचनामा आणि पुढचा तपास ही कामे त्या त्या हद्दीतील पोलीस ठाण्याची. परंतु अपघाताची वर्दी येताच जागेवर धावणे, जखमीला रुग्णवाहिकेत चढविणे, मागून येणारी वाहतूक आवरणे आणि क्रेन लावून रस्ता मोकळा करणे, हा महामार्गावरील गस्तीचा खरा धर्म होय. टोलनाक्याच्या व्यवस्थेतील गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन ह्याच कामात तिला साथ देतात.

अशा गस्तीवर होणारा खर्च मोजणे सोपे आहे. तिन्ही पाळ्यांचे वेतन, गाडीची किंमत, डिझेल, क्रेनची देखभाल आणि इमारतीचा खर्च हे सारे दप्तरात कलमवार मांडता येते. लाभाची बाजू मात्र न घडलेल्या गोष्टींची असते. जो अपघात झालाच नाही, त्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात दाखल होत नाही. म्हणून खजिन्याकडे तरतूद मागताना ही गस्त नेहमीच दुबळी ठरते, आणि हा तिच्यावर होणारा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत, जेथे शिकागो शहराच्या द्रुतमार्गांवर 1960 पासून अशी गस्त फिरते आहे, ह्या प्रश्नाचा अभ्यास पुष्कळ झाला. तेथील गणिताचा पाया वेळ हा आहे. एका दिशेला दोन लेन असलेल्या रस्त्यावर एक लेन बंद पडली, तर वाहतूक निम्मी होते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात रस्त्याची वहनक्षमता सुमारे 35 टक्केच उरते, कारण उरलेल्या लेनमध्ये शिरण्याची घाई आणि थबकून पाहण्याची वृत्ती दोन्ही वेग खातात. शिवाय रांग लागलेली असताना अडथळ्याची मुदत निम्म्यावर आणली, तर एकंदर खोळंबा जवळजवळ चौथ्या हिश्शावर येतो. ह्या हिशेबाने निरनिराळ्या शहरांतील गस्तींचा लाभ खर्चाच्या दुपटीपासून तीस पटींहून अधिक इतका भरला. एवढी तफावत पडते, ह्यावरूनच हे गणित जागेजागेनुसार किती बदलते ते ध्यानात यावे.

तेच कोष्टक डाळजला जसेच्या तसे लावले, तर रात्री दोन वाजताच्या गस्तीचा लाभ जवळपास शून्य येईल. कारण त्या वेळी वाहने विरळ असतात, रांग लागत नाही, कोणाचा खोळंबा होत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी ह्या रस्त्यावर मरण सर्वांत जवळ असते. मोकळ्या रस्त्यामुळे वेग वाढलेला असतो, चालकाच्या डोळ्यांवर झोप असते, आणि एखादा मालट्रक टायर फुटून किंवा पाटा तुटून डाव्या लेनमध्ये मागच्या दिव्यांविना उभा असतो. क्लीनर मागच्या बाजूला चार दगड आणि बाभळीची एखादी फांदी मांडतो. दुरुस्ती झाली की ट्रक निघून जातो आणि ते दगड तेथेच राहतात. गस्तीची गाडी अशा ट्रकच्या बऱ्याच मागे लुकलुकता दिवा लावून उभी राहते, शंकू मांडते, क्रेन येईपर्यंत हलत नाही, आणि जाताना दगड उचलून बाजूला टाकते. दगड बाजूला टाकण्याचे हे काम कोणत्याही अहवालात मोठे दिसणार नाही. पण पहाटे येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या दृष्टीने रात्रीच्या साऱ्या बंदोबस्तात त्याहून मोलाचे काम दुसरे नसेल.

गाळपाचा हंगाम सुरू झाला की ह्यात भर पडते. शेटफळगढे, बिजवडी, शहाजीनगर ह्या परिसरातील कारखान्यांकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस ऊस ओढू लागतात. लोंबणाऱ्या वाढ्यांनी मागची परावर्तक पट्टी झाकली जाते, आणि सावकाश चालणारी ती ट्रॉली मागच्या चालकाला फार उशिरा दिसते. अशा ट्रॉलीला थांबवून वाढे छाटायला लावणे आणि पट्टी उघडी करणे, हा मी गस्तीच्या लाभाचा पहिला रकाना मानीन.

दुसरा रकाना पहिल्या तासाचा. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला कायदेशीर स्थान दिले, आणि 2025 पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचारांची केंद्राची योजना लागू झाली. पण उपचाराची तरतूद कितीही उदार असली, तरी जखमी मनुष्य रुग्णालयाच्या दारापर्यंत जिवंत पोहोचला तरच ती कामी येणार. आणि ते पोहोचविणे रस्त्यावरच्या माणसांच्या हाती आहे. 2022 साली महाराष्ट्रात 15,224 माणसे रस्त्यांवर मृत्यू पावली. धडक देऊन वाहन पळून गेले तर मृताच्या वारसांना सरकार 2 लाख रुपये देते. ती रक्कम जिवाचे मोल नव्हे, आणि गस्तीचा हिशेब मांडणाऱ्याने ती तशी धरूही नये.

म्हणून माझी मागणी अशी, की अशा केंद्रांचे मूल्यमापन वसूल झालेल्या दंडाच्या आकड्यावर कधीही होऊ नये. दंडवसुली हे पोलिसांचे कायदेशीर कर्तव्य असले तरी गस्तीचे यश त्यात नाही. प्रत्येक घटनेच्या नोंदीत चार वेळा असाव्यात: वर्दी केव्हा आली, पथक केव्हा पोहोचले, जखमीला केव्हा हलविले आणि रस्ता केव्हा मोकळा झाला. त्यांच्या जोडीला, बंद वाहन उभे असताना त्याच ठिकाणी दुसरी धडक झाली किंवा नाही, एवढेच लिहावे. हा तपशील वर्षभर नेमाने ठेवला, तर गस्तीवरील रुपया कोठे कारणी लागतो आणि कोठे वाया जातो, हे तालुक्याच्या पातळीवरही सांगता येईल. आणि दिवसापेक्षा रात्रीच्या पाळीला अधिक माणसे व अधिक गाड्या द्याव्यात, असेच त्यातून निघेल अशी माझी खात्री आहे.

ह्या मार्गाने जाणाऱ्या वाचकांनी राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक 1033 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे दोन्ही जवळ ठेवावेत. दिव्यांविना उभे असलेले वाहन दिसले तर अपघाताची वाट न पाहता कळवावे. जखमीला मदत करणाऱ्याला आपले नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, असे कायद्याने आता स्पष्ट केले आहे.