दुकानांचे नामफलक : प्रकार व नियमन (कामोठे परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
दुकानाचा नामफलक ही वरकरणी दुकानदाराची खाजगी बाब वाटते. तथापि तो सार्वजनिक रस्त्यावरून वाचला जात असल्याने त्याची भाषा व जागा यांवर कायद्याचे नियंत्रण येते. सिडकोने वसविलेले कामोठे 2016 मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. येथील अनेक इमारतींत तळमजल्यावर दुकाने व वर सदनिका असल्याने हा प्रश्न रहिवाशांशीही निगडित आहे.

फलकांचे प्रकार :
स्थूलमानाने फलकांचे चार प्रकार आढळतात : (1) दुकानाच्या दर्शनी भिंतीवरील रंगविलेला, फ्लेक्सचा वा प्रकाशमान फलक, (2) भिंतीपासून रस्त्याच्या बाजूस पुढे आलेला दुतर्फा फलक, (3) गच्चीवरील सांगाड्यावर उभारलेला फलक, (4) पदपथावर ठेवलेला सुटा फलक.

भाषाविषयक तरतूद :
महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 मध्ये 2022 साली दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी नामफलक बंधनकारक झाला. मराठी अक्षरे सुरुवातीस असावीत व अन्य भाषेतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशी ही तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने 25 सप्टेंबर 2023 रोजी तिच्या पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती.

जागाविषयक तरतूद :
महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 245 नुसार जाहिरातीस आयुक्तांची परवानगी लागते. मात्र त्याच इमारतीत चालणाऱ्या व्यवसायासंबंधीच्या, प्रकाशमान नसलेल्या फलकास त्यातून सूट आहे. ही सूट आकाशचिन्हास लागू नाही. इमारतीवर सांगाडा उभारून लावलेला व रस्त्यावरून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक म्हणजे आकाशचिन्ह. त्यास कलम 244 अन्वये परवानगी आवश्यक असून ती एका वेळी दोन वर्षांहून अधिक काळासाठी देता येत नाही. पदपथावरील सुटा फलक तर पूर्वसूचनेशिवाय हटविता येतो.

निष्कर्ष :
यावरून असे दिसते की, दुकानाचे तेच नाव भिंतीवरून गच्चीवर नेताच त्याचे कायदेशीर स्वरूप बदलते. भाषेचा नियम पाळणारा फलकही जागेमुळे नियमबाह्य ठरू शकतो. 13 मे 2024 रोजी घाटकोपर येथे महाकाय जाहिरात फलक कोसळून 17 जणांचा मृत्यू झाला. तो दुकानाचा नामफलक नव्हता. परंतु उंचावरील सांगाड्यास स्वतंत्र परवानगी का हवी, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले. म्हणून फलक बनविण्यास देण्यापूर्वीच दुकानदाराने अक्षरांबरोबर जागेचाही विचार करणे हितावह ठरते.