खर्ड्याचा किल्ला आणि हापसा

जामखेडहून वीस-पंचवीस किलोमीटरांवर खर्डा लागते. १७९५ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी येथे निजामाचा पराभव केला, हा मजकूर क्रमिक पुस्तकांमुळे सर्वांस मुखोद्गत आहे. म्हणून इतकेच नमूद करतो, की निंबाळकरांच्या या भुईकोटात कोंडल्या गेलेल्या निजामाच्या फौजेचे अन्नपाण्यावाचून हाल झाले आणि त्यास तह पत्करावा लागला. २०२१ साली येथे उभारलेला चौऱ्याहत्तर मीटर उंचीचा भगवा ध्वज पाहावयास माणसे लांबून येतात. मी मात्र गावातल्या एका हापशापाशी रेंगाळलो. कारण तेथे एक वृद्ध कारागीर विंधनविहिरीतून लोखंडी दांडे एकामागून एक उपसून काढीत होते.

"पाणी कुठं गेलं नाही, वायसर गेलंय," ते म्हणाले, आणि झिजलेली चामडी चकती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

काम करता करता त्यांनी जी हकिकत सांगितली, तिने मला मोह घातला. डॉक्टर रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडास आपला ग्रामीण आरोग्य प्रकल्प आरंभिला, तेव्हा दुष्काळाने तालुका होरपळत होता आणि सवर्णांच्या आडावर दलितांस मज्जाव होता. विंधनविहिरी घ्यावयाच्या ठरल्या, तर पाण्याचा ठाव लागला म्हणे नेमका दलितवस्तीत! हा निसर्गाचा न्याय होता की डॉक्टरांचे चातुर्य, याविषयी ते कारागीर बाबा नुसते हसले. पण घागर घेऊन गावाला त्या वस्तीत जाणे भाग पडले. पुढे त्याच प्रकल्पात गावोगावच्या अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या आणि हगवणीचे मूळ पाण्यात असते, हे शेजारणींना त्यांच्याच बोलीत समजावू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तरी त्या स्त्रियांची नावे आज कोण घेतो?

हापशाजवळचा शोषखड्डा मी मुद्दाम पाहिला. दगडविटांचे तुकडे भरलेल्या अशा खड्ड्यात सांडपाणी मुरते, डबके साचत नाही आणि डासांस थारा उरत नाही; अशी ही बिनखर्चाची युक्ती. येथे मात्र तो प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबला होता आणि पाणी रस्त्यावर वाहत होते. नळ आले, तेव्हापासून हापशाची निगा कोणाच्या अखत्यारीत, याचा खुलासा कोणी करीना.

खर्ड्यास जाणाऱ्याने ध्वज अवश्य पाहावा. परतताना मात्र हा हापसा चार वेळा हापसून पाहावा, आणि पाणी न आल्यास ग्रामपंचायतीत तशी वर्दी द्यावी.