व्हीगन आहार आणि व्यायाम: अंबरपेठेच्या ताटातून

व्हीगन आहारात मांस-अंड्यांबरोबरच दूध, दही, तूप, मध हेही वर्ज्य असते. त्यामुळे स्नायू कमावणाऱ्याचा पहिला प्रश्न प्रथिनांचा. हैदराबादच्या अंबरपेठेपासून जवळच, तार्नाक्याला, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली. तिच्या २०२०च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. नियमित वजने उचलणाऱ्यांसाठी क्रीडापोषणतज्ज्ञ १.४ ते २ ग्रॅम सुचवतात.

शंभर ग्रॅम कच्च्या मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, सोयाबीनच्या वड्यांत पन्नासच्या आसपास. प्रथिनांच्या घटक अमिनो आम्लांपैकी धान्यात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. ज्वारीची भाकरी आणि पिठले एकमेकांची ही उणीव भरून काढतात. हैदराबादी न्याहारीतला मुगाचा पेसरट्टु तेलावर केला, तर व्यायामानंतर उत्तमच!

कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ. पालेभाज्यांतले लोह शोषले जावे म्हणून लिंबू पिळावे, जेवणालगतचा चहा टाळावा. बी-१२ मात्र वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. त्याची गोळी किंवा बी-१२ मिसळलेले पदार्थ घ्यावेच लागतात.

वजन घटवताना तंतुमय पदार्थ पोट भरतात. वाढवताना तेच आड येतात, तेव्हा शेंगदाणे व सुकामेवा वाढवावा.