आधी पाने, मग फुले

बागेतून नुकतीच उचलून आणल्यासारखी पुष्परचना हवी असेल, तर महागड्या फुलांआधी पानांकडे आणि फांद्यांकडे पाहावे. लंडनच्या पुष्परचनाकार कॉन्स्टन्स स्प्राय यांनी १९३० च्या दशकात केलची पाने आणि कुंपणावरच्या रानवेली श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेल्या. १९५३ च्या, राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची फुलसजावटही त्यांच्याकडेच होती. झाडावर सगळी फुले एका उंचीवर, एका वयाची कधीच नसतात. म्हणून मेंदीच्या झुकत्या फांद्या, नेचा, क्रोटन आधी लावावे आणि मग शेवंती, निशिगंध यांना खालीवर जागा द्यावी. निशिगंधाच्या कळ्या खालून वर उमलत जातात, त्यामुळे रचना रोज थोडी बदलते.

हा पसाराच नाही का, असे कुणी विचारेल. पसाऱ्याला दिशा नसते. इथे प्रत्येक काडी ज्या बाजूला मुळात वळली आहे, तिकडेच झुकते. फुले खोचायच्या हिरव्या स्पंजाशिवाय ती उभी राहील का, ही शंका रास्त आहे. पण तो स्पंज प्लास्टिकचाच प्रकार, कुजत नाही. तांब्यात किंवा बरणीत खुराड्याच्या जाळीचा सैल गोळा बसवला की काम भागते. उन्हाळ्यात फुले टिकत नाहीत, ही तक्रार मात्र निम्मी खरी आहे. पाण्यात बुडणारी पाने काढली, देठ तिरके कापले आणि पाणी रोज बदलले, तर जंतू कमी वाढतात, देठ तुंबत नाहीत. जास्वंदीला यातले काहीच लागू नाही. ती एका दिवसाचीच, तेव्हा ती देवालाच वाहावी.